धूर उलटल्याची खूण

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी आयुष्यभर तोंडावर सांगत आलो — तुला काम नाही, म्हणून तुला असलं दिसतं. आमच्या विट्याकडच्या गावात ओढ्याकाठी कुणाला काय दिसलं, कुणाच्या अंगात काय आलं, हे ऐकत मोठा झालो. पण एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. मी सातवी नापास आहे, पण सोनं आणि पितळ यातला फरक मला कळतो, आणि माणसाच्या बोलण्यातलाही कळतो. आता माझ्यावरच सांगायची पाळी आलीय. सुनेनं सांगितलं, मामंजी, लिहून काढा, मी टाइप करून पाठवते. कुणी हसलं तर हसू दे. मी पण हसलोच असतो.

मी लखनौला राहतो. अमीनाबादेत, कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत. समोरून हातगाडी आली तर गाईला मागं सरावं लागतं एवढी ती गल्ली. तिथं चाळीस वर्षं माझं गलाईचं दुकान आहे. आमच्या भागातल्या वाचकांना गलाई म्हणजे काय ते सांगायला नको, घरटी एक माणूस त्यात आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. सराफाकडं आलेलं जुनं सोनं मुशीत, म्हणजे आग सोसणाऱ्या भांड्यात, वितळवायचं, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, उकळून त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध करून परत द्यायचं. एक समोरचा शेजारी सोडला तर इकडं गल्लीत मला पाटील म्हणून कुणी हाक मारत नाही. "मराठे की दुकान" म्हटलं की झालं.

खाली पुढं दुकान, मागं भट्टी. वर एक खोली आणि स्वयंपाकघर. मागच्या भिंतीला लोखंडी जिना, त्याचा कठडा थेट भट्टीच्या दाराशी येऊन टेकतो. आणि भट्टीचं धुराडं वरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीजवळून जातं. हे नीट ध्यानात ठेवा, सगळं त्यावरच आहे.

शालन — माझी बायको — लग्न होऊन इथं आली तेव्हा तिला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. पहिल्या आठवड्यात भाजीवाल्याशी ती मराठीत भांडली आणि जिंकून आली. कशी जिंकली ते त्या भाजीवाल्यालाही कळलं नसेल. पुढं हिंदी शिकली, पण भांडायला मराठीच. दरवर्षी आंब्याच्या दिवसांत आम्ही बसनं मलिहाबादला जायचो. बागेतनं दशहरीची पेटी घ्यायची, झाडाखाली बसून चार तिथंच खायचे, बाकीचे घरी आणायचे. दशहरी हा चोखून खायचा आंबा, आणि ही त्याचा रस काढायची. आमच्या समोर चिकनच्या, म्हणजे लखनवी भरतकामाच्या, कुर्त्यांचं दुकान आहे रिज़वान भाईंचं, त्यांना वाटीभर पाठवायची. ते कपाळाला हात लावायचे. "भाभी, दशहरी का ऐसा हाल कोई नहीं करता." आणि वाटी चाटूनपुसून परत पाठवायचे.

तर मुद्द्यावर येतो. भट्टीला हवा देणारा पंखा एवढा आवाज करतो की वरून हाका मारून घसा बसला तरी खाली ऐकू येत नाही. म्हणून शालननं एक युक्ती काढली होती. मुशी धरायची माझी एक जुनी लोखंडी पकड होती, तोंड वाकडं झालेली. ती तिनं वर नेली आणि जिन्याच्या वरच्या टोकाशी खिळ्याला टांगली. कठड्यावर एक टोला म्हणजे चहा. दोन टोले म्हणजे जेवण. पंख्याच्या आवाजातही कळायचं, कारण तो टोला लोखंडातून फरशीत उतरायचा. कानाआधी पायाला कळायचा.

तिसरी खूण होती धुराची. तेजाब उकळताना तपकिरी धूर निघतो. तो धुराड्यातून वर गेला तर ठीक. उलटला आणि भट्टीत भरला, तर माणूस जागेवर मरतो, आणि खाली बसलेल्याला ते उशिरा कळतं. शालनला मात्र खिडकीतून धुराडं दिसायचं. धूर निघायचा थांबला की ती समजायची. तीन टोले — थांबायचं — परत तीन टोले. म्हणजे सगळं टाकून गल्लीत पळा.

आमच्यात एक शिस्त आहे. मूस चढली की उठायचं नाही. लोकाचं सोनं असतं त्यात. कारागीर उठला की समोरच्याच्या मनात शंका येते, आणि ती एकदा आली की दुकान बंद करायची वेळ येते. मला माझ्या चुलत्यानं हे कान पिळून शिकवलं होतं. बाप मेल्याची तार आली तरी आधी ओत, मग रड. उठायची परवानगी फक्त त्या तीन टोल्यांना होती.

ती खूण वाजली फक्त एकदा. मुलगा शाळेत होता तेव्हाची गोष्ट. थंडीत धुराड्यात कबुतरानं घरटं केलं होतं, मला पत्ता नाही. तेजाब उकळत होतं, समोर सराफाचा मुनीम बसलेला. पायाला टोले कळले. मी मुनिमाला बकोटीला धरून बाहेर ओढलं. मागून धुराचा लोट गल्लीत आला. रिज़वान भाईंनी दुकानाबाहेर टांगलेले पांढरे कुर्ते पिवळे पडले. आणि वरून टोले चालूच. शालन आम्ही बाहेर पडलो हे बघेपर्यंत जिन्यावर उभी होती, मग तोंडाला पदर लावून उतरली. आठवडाभर खोकत होती. रिज़वान भाई पुढं कितीतरी वर्षं चिडवायचे, "सरकार का सायरन देर से बजता है, भाभी का टाइम पे बजता है." त्या दिवसापासून सगळ्या गल्लीला ती खूण माहीत झाली.

आता जे सांगायचं नाही तेही सांगतो.

गेल्या वर्षी आंब्याच्याच दिवसांत, सकाळी अकराच्या सुमाराला शालन स्वतः खाली आली. भट्टीच्या दारात उभी राहिली. म्हणाली, "अवं, छातीत जळजळतंय."

माझी मूस चढलेली होती. मी मान वर केली नाही. म्हणालो, "धूर लागला असंल. गुळाचा खडा खा आन् पड जरा."

आमच्या धंद्यात छातीत जळजळणं हे रोजचंच. तेजाबाचा धूर घशात बसतो, त्यावर आम्ही गूळ खातो. पिढ्यानपिढ्या हेच औषध. दुसऱ्या कुणाच्या घरात बाईनं असं सांगितलं असतं तर नवरा घाबरला असता. आमच्यात गुळाचा डबा पुढं करतात. ती भांडखोर बाई, पण त्या दिवशी भांडली नाही. डब्यातला खडा घेतला आणि वर गेली. उन्हाळा होता, घाम आला होता तिला. मी म्हटलं ऊन आहे.

दोन वाजले तरी जेवणाचे टोले आले नाहीत. तेव्हा मी वर गेलो. खिडकीपाशी भिंतीला टेकून बसली होती. गूळ तोंडात तसाच होता. रिज़वान भाई आणि मी तिला हॉस्पिटलात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, हार्ट अटॅक होता. वेळेत आणलं असतं तर बंद झालेली नळी उघडता आली असती. रागावून नाही बोलला तो. रागावला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसानंतर मी वर राहिलो नाही. खोलीला कुलूप घातलं, किल्ली करदोड्याला बांधली. खाली दुकानातच पथारी टाकायचो. मुलगा कोइंबतूरला असतो, त्याचंही गलाईचंच दुकान. तो म्हणायचा, आबा, दुकान बंद करा नि इकडं या. मी म्हणायचो बघू. खरं सांगायचं तर मला कुठंच जायचं नव्हतं. कोइंबतूरलाही नाही, आणि जगायचंही फारसं मनात नव्हतं.

यंदा वर्षश्राद्धाला दहा-बारा दिवस उरले होते. दुपारी साडेबाराची वेळ. एका जुन्या सराफाचा माल होता, माणूस विश्वासाचा, ठेवून गेला होता. मी भट्टीत एकटाच. तेजाब उकळत होतं, पंखा चालू. छातीत जळजळायला लागलं. मी सवयीनं गुळाचा डबा ओढला. खडा तोंडात टाकला. डाव्या हातात कळ गेली, जबडा आवळल्यासारखा झाला. मी म्हटलं, पडावं जरा. बघा, मूर्खपणा बघा माझा. एवढं सगळं पाहून झाल्यावरसुद्धा मी म्हणतोय, पडावं जरा... की कळलं होतं आणि पडायचंच होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

आणि पायाला टोले कळले.

तीन. थांबले. परत तीन.

मी विचार केला नाही. घाबरलोही नाही. शालन गेलीय हे त्या क्षणी मला आठवलंसुद्धा नाही. धूर उलटला, एवढंच डोक्यात. गॅस बंद केला, सराफाचा माल होता तिथं टाकला आणि गल्लीत आलो. बाहेर येऊन वर बघितलं. धुराड्यातून धूर सरळ वर चालला होता. खिडकी बंद. मग आठवलं.

समोर रिज़वान भाई आपल्या पायरीवर उभे होते. ते पण वरच बघत होते. मला वाटलं, मी धावत आलो म्हणून बघतायत. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"पाटिल भाई, ये पसीना कैसा है?"

मी म्हणालो, तेजाबाचा धूर लागलाय, गूळ खाल्लाय, बरं वाटेल.

ते जवळ आले. माझा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "भाभी को भी आपने यही कहा था."

चाळीस वर्षांत त्या माणसानं मला इतकं कडू बोललेलं मला आठवत नाही. त्यांच्या दारात हातगाडीवर कुर्त्यांच्या गाठी भरलेल्या होत्या. त्यांनी मला त्या गाठींवर आडवं केलं, गाडीवाल्याला म्हणाले पळ, आणि स्वतः पुढं ओरडत सुटले. अशी माझी वरात अमीनाबादेतून निघाली, चिकनच्या कुर्त्यांवर. रस्त्यापर्यंत गाडी, तिथून ऑटो, ऑटोतून मोठं हॉस्पिटल. छातीला तारा चिकटवल्या, कागद निघाला, एक पोरगेली डॉक्टरीण तो कागद बघून वळली आणि कुणालातरी काही म्हणाली. तेवढं आठवतं. पुढचं नाही.

माझं हृदय बंद पडलं होतं. रिज़वान भाईंच्या डोळ्यांसमोर. छाती दाबली, विजेचा झटका दिला, एकदा नाही दोनदा. मग चालू झालं.

लोक मला विचारतात, तेव्हा काय दिसलं? काही नाही. उजेड नाही, बोगदा नाही, देव नाही. शालन पण नाही. दिवा घालवल्यासारखं. ज्यांना असल्या गोष्टी पाहिजेत त्यांनी दुसरीकडं बघावं. मी खोटं लिहिणार नाही.

शुद्धीवर आलो तर बरगड्या ठेचल्यासारख्या दुखत होत्या. डॉक्टरीण माझ्यावर वाकून सांगत होती, "दादाजी, दिल रुक गया था, वापस आया है. नस अभी बंद है. अभी खोलनी पड़ेगी, रुकेंगे तो फिर रुक जाएगा." मुलाला फोन लावला होता, तो तिकडून मराठीतच ओरडत होता, करा, लगेच करा. सही मात्र रिज़वान भाईंनी केली. नातं काय, असं विचारल्यावर म्हणाले, भाई लिखिए. तिनं दोघांची नावं बघितली आणि लिहिलं.

मला एका थंडगार खोलीत नेलं. मनगटातून बारीक तार आत घातली. मी जागा होतो. शेजारी टीव्हीसारखा पडदा, त्यावर माझंच हृदय धडधडत होतं. काळ्या रेघा, झाडाच्या फांद्यांसारख्या, आणि एक फांदी मध्येच तुटलेली. डॉक्टरीण म्हणाली, ये देखिए, यहाँ बंद है. मी म्हणालो, चिमनी में घोंसला है. तिला वाटलं मी बरळतोय. म्हणाली, बोलू नका, श्वास घ्या. मग तिनं त्या जागी फुगा फुगवला, जाळी बसवली, आणि त्या तुटलेल्या फांदीत काळी रेघ सरसर पुढं गेली. धुराडं मोकळं झाल्यावर धूर जसा एकदम वर निघतो तशी. छातीवरचा दगड उतरला. मी तिथं पडल्यापडल्या रडलो. तिला वाटलं दुखतंय. मी विचार करत होतो — एवढंच होतं तर. एवढ्यानं शालन वाचली असती.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरिणीला टोल्यांचं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं, हसली नाही. म्हणाली, रक्ताचा दाब कमी झाला की डोक्याला रक्त कमी जातं, मग जुन्या सवयीचे आवाज ऐकू येतात. मला पटलं. शिकलेली बाई, मला मरणातून ओढून आणणारी, तिचं नाही पटणार तर कुणाचं? पटलं, आणि वाईटही वाटलं. रिज़वान भाईंना मी यातलं अवाक्षर बोललो नव्हतो. म्हातारा चळला म्हणतील.

पाचव्या दिवशी ते आले. मुलगा आणि सून तोवर पोचले होते, ते खाली औषधं आणायला गेले होते. रिज़वान भाईंनी रुमालात दोन दशहरी आणले होते. डॉक्टरिणीला विचारून एक फोड मिळेल म्हणाले, रस नाही मिळणार. थोडं हसलो. मग मी म्हटलं, तुम्ही पायरीवर उभे होतात म्हणून मी वाचलो. भर दुपारी गिऱ्हाईक सोडून बाहेर कशाला आला होतात?

ते अगदी सहज म्हणाले, "अरे, खट-खट सुनी ना. मैं समझा धुआँ उलट गया. कुर्ते उतारने निकला था."

मी विचारलं, कसली खट-खट?

त्यांनी खिशातून दुकानाची किल्ली काढली आणि पलंगाच्या लोखंडी कठड्यावर वाजवली. तीन. थांबले. परत तीन.

किल्ली कठड्यावरच राहिली त्यांची. माझ्या तोंडाकडं बघून त्यांनाही तेव्हाच उमगलं असावं. धावपळीत त्यांनी विचारच केला नव्हता की वाजवणारं आता त्या घरात कोण उरलंय. मग म्हणाले, "साल होने को आया भाभी को." एवढंच.

घरी आल्यावर मी मुलाला घेऊन वर गेलो. कुलूप जसंच्या तसं, किल्ली माझ्याच करदोड्याला. जिन्याच्या टोकाशी पकड खिळ्यावर टांगलेली. तिच्यावर वर्षभराची धूळ. बोटाचा ठसा नाही, रेघ नाही. आम्ही दोघांनी बॅटरी लावून बघितली. शेजारी कुणाचं बांधकाम चालू होतं का विचारलं, नव्हतं. मुलगा म्हणाला, माकड असेल, अमीनाबादेत माकडं फार. मी रिज़वान भाईंना तेही विचारलं. ते म्हणाले, इतकी वर्षं इथली माकडं बघतोय, त्यांना तीनपर्यंत मोजता येतं असं वाटत नाही.

डॉक्टरिणीला पुढच्या खेपेला सांगितलं की दुसऱ्या माणसानंही ऐकलंय. ती थोडा वेळ माझा कागद बघत राहिली. मग म्हणाली, गोळ्या वेळेवर घ्या.

वर्षश्राद्ध इथंच केलं. मुलगा मला आता कोइंबतूरला नेणार आहे, मी हो म्हटलंय. दुकान दुसऱ्याला द्यायचं ठरलंय, पण जिना आणि ती पकड काढायची नाही, एवढं मी त्या माणसाकडून वदवून घेतलंय. भट्टीतला गुळाचा डबा मी स्वतः उचलून फेकला. आमच्या धंद्यातला कुणी हे वाचत असेल तर त्यानंही फेकावा. छातीत जळजळलं, घाम फुटला, हात दुखला, तर गूळ खात बसू नका. बाईमाणसानं सांगितलं तर मान वर करून तिच्या तोंडाकडं बघा. मुशीतलं सोनं कुठं पळत नाही.

आवाज कुठून आला, मला माहीत नाही. त्याला कारण सापडलं असतं तर मी हे लिहायलाच बसलो नसतो. ज्याला कळेल त्यानं मला सांगावं, मी ऐकून घेईन.

आता मला झोपू देत नाही ते वेगळंच आहे. तीन खुणा होत्या आमच्या. चहाची, जेवणाची, धुराची. तिन्ही तिनं माझ्यासाठी वाजवायच्या. तिला स्वतःला काही झालं तर किती टोले मारायचे, हे एवढ्या वर्षांत आम्ही दोघांनी ठरवलंच नव्हतं. म्हणून तर ती त्या दिवशी जिना उतरून खाली आली होती, दारात उभी राहिली होती, तोंडानं सांगायला.